घाटाच्या पायऱ्या आणि अनिश्चित समाकल



अवकलनाशी आपला परिचय झालेला आहे. एखादी राशी काळानुसार कशी बदलते हे सूत्ररूपाने ठाऊक असले, तर कोणत्याही क्षणी तिच्या बदलाचा दर किती हे आपल्याला काढता येते. आज आपण उलट दिशेने निघणार आहोत. या वेळी दर हाती दिलेला आहे आणि ती राशी कोणती, हे शोधावयाचे आहे.

उलट वाट ही गणितात नेहमीच अधिक खडतर असते. बेरीज कोणीही करावी. तिची उलट क्रिया म्हणजे वजाबाकी करू लागताच ऋण संख्यांची कल्पना करणे भाग पडले. गुणाकारापाठोपाठ भागाकार आला आणि त्याने अपूर्णांक आणले. वर्ग करणे सोपे, पण वर्गमूळ काढू लागलो की दोन निरनिराळ्या अडचणी उभ्या राहतात. ९ चे वर्गमूळ विचारले तर ३ आणि उणे ३ अशी दोन उत्तरे समोर येतात. २ चे वर्गमूळ विचारले तर ओळखीच्या अपूर्णांकांत ते कोठेच सापडत नाही. एकीकडे उत्तरे अधिक होतात, दुसरीकडे उत्तर हाती लागत नाही. अवकलनाच्या उलट क्रियेतही या दोन्ही अडचणी आपल्याला भेटणार आहेत. पहिली आरंभीच भेटते आणि तिचा अर्थ नीट न कळल्यामुळे पुढे वर्षानुवर्षे विद्यार्थी तिला एक निरर्थक शेपूट समजत राहतात. म्हणून तिच्यापाशी आपण थोडे अधिक रेंगाळणार आहोत.

जबलपूरकरांना ग्वारीघाटाची ओळख करून देण्याचे कारण नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो, की शहराच्या दक्षिणेस नर्मदेच्या उजव्या तीरावर हा घाट आहे. येथे पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, सायंकाळी आरती होते, पात्रात दिवे सोडले जातात आणि पैलतीरावरील गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या नावा काठाला बांधलेल्या असतात. घाटाच्या वरच्या अंगाला, प्रवाहाच्या उलट दिशेने गेल्यास, बरगी धरण आहे. त्याचे बांधकाम १९७४ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये ते पूर्ण झाले. तेव्हापासून या घाटावरचे पाणी केवळ येथल्या आभाळाकडे पाहून वागत नाही. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की डोक्यावर स्वच्छ ऊन असतानाही नदी चढू लागते.

अशा एखाद्या दिवसाची कल्पना करा. धरणातून विसर्ग वाढविला आहे आणि घाटाशी पाणी चढू लागले आहे. चढ सुरू झाल्यापासून किती तास लोटले ती संख्या आपण ‘ट’ या अक्षराने दाखवू. समजा, पाणी चढण्याचा दर, ताशी सेंटिमीटरमध्ये, असा आहे:

दर = ३६ × ट − ६ × ट वर्ग

हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी मी कल्पिलेले आहेत. खरी नदी इतकी आज्ञाधारक नसते. परंतु तिच्या वागण्याची ठेवण या सूत्रात आहे. आरंभी दर शून्य आहे. मग तो वाढत जातो, तीन तासांनी ताशी ५४ सेंटिमीटर इतका होतो, तेथून उतरतो आणि सहा तासांनी पुन्हा शून्य होतो, म्हणजे पाणी नव्या पातळीवर स्थिरावते.

आता पातळीचे सूत्र शोधावयाचे. ज्याचा अवकलज ३६ × ट येईल असे फलन कोणते? ट वर्गाचा अवकलज २ × ट असतो. म्हणून १८ × ट वर्ग हे घेतले की काम होते. ज्याचा अवकलज ६ × ट वर्ग येईल असे फलन? ट घनाचा अवकलज ३ × ट वर्ग. म्हणून २ × ट घन. तेव्हा

पातळी = १८ × ट वर्ग − २ × ट घन

असे लिहिण्याचा मोह होतो. सहा तासांनंतरची किंमत काढली तर ६४८ वजा ४३२, म्हणजे २१६ सेंटिमीटर. घाटाची प्रत्येक पायरी १८ सेंटिमीटर उंचीची धरली, तर पाणी बरोबर बारा पायऱ्या चढले.

पण कोणत्या बारा? नावाड्याला किंवा फुले आणि दिवे विकणाऱ्या बाईला नेमके हेच हवे असते. पाणी बारा पायऱ्या चढणार, एवढे ऐकून तिने आपली पाटी कोठे ठेवावी? चढ सुरू होण्यापूर्वी पाण्यावर पंधरा पायऱ्या कोरड्या असतील, तर सहा तासांनंतरही वर तीन कोरड्या राहतील आणि तिचे दुकान सुखरूप असेल. त्या दहाच असतील, तर सर्वांत वरची पायरीही बुडून पाणी फरसबंदीवर येईल. दोन्ही प्रसंगी दराचे सूत्र अक्षरशः एकच आहे. त्या सूत्राची तुम्ही कितीही उलथापालथ केली, तरी कोरड्या पायऱ्या पंधरा की दहा हे त्यातून निघणार नाही, कारण ती माहिती त्याच्यात कधी नव्हतीच. अवकलन करताना स्थिरांकाचा अवकलज शून्य होतो, म्हणजे आरंभीची पातळी आपण पुसून टाकतो. जे पुसले गेले ते उलट येताना आपोआप परत येत नाही. त्यासाठी एक जागा मोकळी ठेवावी लागते:

पातळी = १८ × ट वर्ग − २ × ट घन + स

‘स’ हा समाकलनाचा स्थिरांक. तो बाहेरून आणावा लागतो. घाटावर जाऊन, खुणांच्या पट्टीवर किंवा पायऱ्यांवर एकदा नजर टाकून, तो वाचावा लागतो. कोणत्या क्षणी वाचावा याला बंधन नाही. एका क्षणीचे एक निरीक्षण पुरते. तीन तासांनी पट्टीवर ३०८ सेंटिमीटर दिसले आणि सूत्राचा पहिला भाग त्या वेळी १६२ वजा ५४, म्हणजे १०८ येत असला, तर स = २००. यानंतर सहाही तासांतील कोणत्याही क्षणाची पातळी ठरली. परीक्षेत हा ‘स’ लिहावयाचा राहिला म्हणून अर्धा गुण जातो आणि विद्यार्थ्याला तो अन्याय वाटतो. घाटावर त्याच चुकीपायी नाव खुंट्यासकट वाहून जाऊ शकते.

येथे चिकित्सक श्रोता एक शंका घेईल, आणि ती घेतलीच पाहिजे. उत्तरे अनेक आहेत हे मान्य. पण ती केवळ स्थिरांकानेच वेगळी आहेत कशावरून? सर्वस्वी वेगळ्या वळणाचे एखादे फलन असू शकणार नाही का, ज्याचा अवकलजही हाच येतो? समजा, अशी दोन फलने आहेत. त्यांची वजाबाकी करा. दोघांचे दर प्रत्येक क्षणी सारखे असल्यामुळे या वजाबाकीचा दर प्रत्येक क्षणी शून्य. आणि ज्या राशीचा दर सतत शून्य आहे ती जागची हलतच नाही. दोन नावा एकाच दराने वर उचलल्या जात असतील, तर त्यांच्यातील उंचीचे अंतर जेवढे होते तेवढेच राहते. काटेकोर सिद्धतेला मध्यमान सिद्धांत लागतो. विचाराचा गाभा मात्र एवढाच आहे.

एक अट मात्र आहे. काळाचा पट्टा अखंड असला पाहिजे. दराची नोंद मध्यरात्री थांबली आणि पहाटे पुन्हा सुरू झाली, तर पहाटेपासूनच्या हिशेबाला नवा ‘स’ लागतो, कारण मधल्या तासांत काय घडले ते दराने सांगितलेले नाही. १ ÷ क्ष या फलनाच्या बाबतीत ही अट खरोखरच उपयोगी पडते, कारण शून्यापाशी ते तुटलेले आहे. त्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूंचे स्थिरांक वेगवेगळे असू शकतात.

आता नावे आणि चिन्हे. एखाद्या फलनाचा अवकलज दिलेला असता जे मूळ फलन सापडते त्यास प्रतिअवकलज म्हणतात. अशा सर्व प्रतिअवकलजांच्या कुटुंबाला, म्हणजे कोणताही एक घेऊन त्याला ‘+ स’ जोडल्यावर जे होते त्याला, अनिश्चित समाकल हे नाव आहे. ‘अनिश्चित’ हा शब्द ऐकून दचकू नये. या कुटुंबातील सर्वांची चण निश्चित आहे. उभे कोणत्या पायरीवर राहावयाचे तेवढेच ठरलेले नाही.

चिन्ह लायब्निझने दिले. १६७५ च्या २९ ऑक्टोबरला त्याने आपल्या टिपणात बेरजेच्या लॅटिन शब्दाचे आद्याक्षर लांब ओढून ∫ असे लिहिले, आणि ते आजवर टिकले आहे. मूळ फलन शोधण्याच्या क्रियेला बेरजेचे चिन्ह का, हा प्रश्न कोणालाही पडावा. पाणी चढण्याच्या दराला अगदी लहानशा कालखंडाने गुणले तर त्या कालखंडातील चढ मिळतो, आणि असे इवलेसे चढ एकामागून एक मिळवीत गेलो की एकूण चढ होतो. यासाठी ∫ च्या पुढे दर आणि त्याच्यापुढे तो लहानसा कालखंड लिहिण्याची पद्धत आहे. या कालखंडासाठी मी ‘ता’ हे अक्षर योजीत आहे. ‘तात्कालिक’ या शब्दाचे ते पहिले अक्षर. इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त भास्कराचार्यांनी ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार केला आहे, म्हणजे दिवसभराची सरासरी गती बाजूस ठेवून त्या त्या क्षणीच्या गतीचा. चाळीसगावजवळ पाटणे येथील शिलालेख ज्या घराण्याची स्मृती सांगतो त्या घराण्यातील या पुरुषाच्या शब्दाचा एवढा तरी उपयोग आपण करावा. गेल्या शतकाच्या मागील शतकात, बाळशास्त्री जांभेकरांच्या काळी, अवकलनाला मराठीत ‘शून्यलब्धी’ असे नाव योजले गेले होते; बदल शून्याकडे नेत नेत जे लब्ध होते ते. नाव सुरेख होते. ते मागे का पडले कोण जाणे! समाकलनालाही काही पुस्तकांत ‘संकलन’ म्हणतात, आणि त्या शब्दाकडे आपण लवकरच येणार आहोत.

तर आपले पहिले वाक्य असे लिहिले जाईल:

∫ (३६ × ट − ६ × ट वर्ग) ता(ट) = १८ × ट वर्ग − २ × ट घन + स

आता नियम. सर्वांत अधिक राबणारा नियम घातांचा. ‘क्ष’ चा कोणताही घात दिला असता घातांक एकाने वाढवावा आणि नव्या घातांकाने भागावे. क्ष चे समाकलन क्ष वर्ग ÷ २, क्ष वर्गाचे क्ष घन ÷ ३, क्ष घनाचे क्ष चा चौथा घात ÷ ४. प्रत्येकाला ‘+ स’ आहेच. अपूर्णांक घातांकालाही हाच नियम लागू पडतो: वर्गमूळ म्हणजे अर्धा घात, तो दीड होतो आणि दीडने भागले जाते. अवकलनात घातांकाने गुणून मग तो एकाने कमी करीत होतो. जोडे घालताना मोजा आधी आणि जोडा नंतर; काढताना जोडा आधी. क्रम उलटला, क्रियाही उलटल्या.

हा नियम केवळ उलटून मिळाला असे नाही. बेरजेच्या वाटेने तो आपल्या देशात फार पूर्वी सापडला होता. केरळात माधवाच्या परंपरेतील गणितज्ञांनी, आणि विशेषतः १५३० च्या सुमाराचा मल्याळम ग्रंथ ‘युक्तिभाषा’ लिहिणाऱ्या ज्येष्ठदेवाने, सारख्या घातांच्या लांबच लांब बेरजांचा विचार केला. त्यांना तेथे ‘समघातसंकलित’ म्हटले आहे; ‘संकलन’ हा शब्द या घरचा. ही बेरीज तुम्हीही करून पाहा. १ पासून १० पर्यंतच्या संख्यांच्या वर्गांची बेरीज ३८५ येते. १० च्या घनाचा तिसरा भाग आहे सुमारे ३३३. फारसे जमले नाही. १०० पर्यंत जा: बेरीज ३,३८,३५०, आणि १०० च्या घनाचा तिसरा भाग ३,३३,३३३. फरक दीड टक्क्याचा राहिला. १००० पर्यंत गेलात तर बेरीज ३३,३८,३३,५०० आणि तिसरा भाग ३३,३३,३३,३३३. आता फरक टक्क्याच्या सातव्या हिश्शाएवढा. तुकडे जितके अधिक आणि बारीक, तितकी वर्गांची बेरीज घनाच्या तिसऱ्या भागाला येऊन भिडते. क्ष वर्गाचा समाकल क्ष घन ÷ ३ का, याचे हे दुसरे उत्तर. मला स्वतःला ते पहिल्याहून अधिक समाधान देते, कारण त्यात तो तीन कोठून आला हे हातांनी चाचपता येते. वर्तुळाच्या परिघाची अनंत श्रेढी या मंडळींनी याच बेरजांच्या आधारावर मांडली, लायब्निझच्या आधी.

घातांच्या नियमाला एकच अपवाद, आणि तो चुकविण्याचा मार्ग नाही. १ ÷ क्ष म्हणजे क्ष चा उणे एक घात. घातांक एकाने वाढविला की शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. घातांच्या रांगेत बरोबर येथे एक दात पडलेला आहे. त्या जागी काय येते याचा शोध अतिपरवलयाखालील क्षेत्रफळ मोजताना लागला. ग्रेग्वार द सें-व्हँसां या जेझुइट गणितज्ञाच्या १६४७ मधील ग्रंथात आलेल्या या क्षेत्रफळाच्या गुणधर्माकडे पाहून त्याचा शिष्य साराशा याने १६४९ मध्ये ओळखले, की हे क्षेत्रफळ लॉगरिथमप्रमाणे वागते: पाया गुणाकाराने वाढवावा तर क्षेत्रफळ बेरजेने वाढते. म्हणून

∫ (१ ÷ क्ष) ता(क्ष) = क्ष चा नैसर्गिक लॉगरिथम + स

हे क्ष धन असताना. ऋण असल्यास त्याचे चिन्ह सोडून उरलेल्या संख्येचा लॉगरिथम घ्यावयाचा. घातांच्या कुळात जागा रिकामी राहिली आणि तेथे सर्वस्वी परक्या कुळातील पाहुणा येऊन बसला. गणितात याहून मोठे आश्चर्य या पातळीवर तरी मला ठाऊक नाही.

यापुढचे दोन नियम इतके सरळ आहेत, की त्यांच्यावर वेळ घालवीत नाही. फलनाला स्थिर संख्येने गुणले असेल तर ती संख्या समाकलनाच्या चिन्हाबाहेर काढता येते. आणि बेरजेचा समाकल म्हणजे समाकलांची बेरीज, वजाबाकीचेही तसेच. घाटाच्या उदाहरणात आपण हे न सांगताच वापरले. जलाशयाचा सारा हिशेब दुसऱ्या नियमावर चालतो: येणाऱ्या पाण्याचा समाकल वेगळा, सोडलेल्या पाण्याचा वेगळा, आणि दोहोंची वजाबाकी म्हणजे साठ्यातील बदल. बरगीच्या जलाशयाची एकूण क्षमता सुमारे ३९२ कोटी घनमीटर आहे. आवक जावकेपेक्षा सेकंदाला १००० घनमीटरने अधिक असेल, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ८ कोटी ६४ लाख घनमीटर पाणी साठेल. या दराने रिकामा जलाशय भरावयास ४५ दिवस लागतील. आणि तो आरंभी खरोखर रिकामा होता काय? पुन्हा ‘स’.

त्रिकोणमितीय फलनांत ज्या चा अवकलज कोज्या. म्हणून कोज्या चा समाकल ज्या + स. कोज्या चा अवकलज उणे ज्या. म्हणून ज्या चा समाकल उणे कोज्या + स. या उणे चिन्हाची जागा परीक्षेत हमखास चुकते. ज्या मधील बदल कोज्या च्या प्रमाणात असतो ही गोष्ट भास्कराचार्यांनी ग्रहगतीच्या निमित्ताने वापरली आहे. घातीय फलन, म्हणजे ई या संख्येचा क्ष घात, स्वतःचाच अवकलज असते, त्यामुळे त्याचा समाकलही तेच, अधिक स. त्याच्याविषयी तक्रारीला जागाच नाही.

बेरजेचा नियम इतका सुखाचा असल्यामुळे गुणाकाराचाही तसाच असावा असे वाटते, आणि येथे फसगत होते. क्ष वर्ग म्हणजे क्ष गुणिले क्ष. दोघांचे समाकल वेगवेगळे काढून गुणले तर क्ष चा चौथा घात ÷ ४ येतो. खरे उत्तर क्ष घन ÷ ३. गुणाकाराला सर्वत्र चालेल असा नियम नाही. आहेत त्या दोन युक्त्या, आणि दोन्ही अवकलनाचेच नियम उलटून मिळालेल्या.

पहिली युक्ती चल बदलण्याची. २ × क्ष × (क्ष वर्ग + १) चा चौथा घात, असे काही आले तर कंसातील राशीला ‘उ’ म्हणावे. बाहेरचा २ × क्ष हा उ चाच अवकलज असल्यामुळे, २ × क्ष × ता(क्ष) या सर्वांची जागा ता(उ) घेते. राहिले उ च्या चौथ्या घाताचे समाकलन, म्हणजे उ चा पाचवा घात ÷ ५. यात जपावयाचे ते ‘ता’ ला. चल बदलला की ‘ता’ ही बदलावा लागतो. तो पुष्कळांना शोभेचा वाटतो, म्हणून घाटाचेच उदाहरण पाहा. तासांऐवजी मिनिटांत हिशेब करू, असे कोणी ठरविले. त्याने सूत्रात ट च्या जागी मिनिटे भागिले ६० घातले, पण ता(ट) म्हणजे ता(मिनिटे) भागिले ६० हे विसरला. त्याचे उत्तर साठपट येईल: २१६ सेंटिमीटरऐवजी जवळजवळ १३० मीटर. बरगीचे धरण सुमारे ७० मीटर उंच आहे, एवढे ज्याच्या ध्यानात असेल तो आपली वही पुन्हा उघडील.

दुसरी युक्ती खंडशः समाकलनाची. तिच्यासाठी एक स्वतंत्र तास राखून ठेवला पाहिजे. आज नमुना म्हणून इतकेच सांगतो, की क्ष × कोज्या क्ष याचा समाकल क्ष × ज्या क्ष + कोज्या क्ष + स असा येतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, अवकलन करून पाहा. पहिल्या पदातून ज्या क्ष आणि क्ष × कोज्या क्ष निघतात, दुसऱ्यातून उणे ज्या क्ष. दोन ज्या एकमेकींना खातात आणि हवे ते उरते.

समाकलनाचे हे एक मोठे भाग्य आहे. उत्तर कसे सुचले याला महत्त्व नाही, अंदाजाने सुचले तरी चालते, कारण त्याचा ताळा दोन ओळींत करता येतो. उत्तराचे अवकलन करा. मूळ समाकल्य परत आले की उत्तर बरोबर. पुस्तकाच्या शेवटची पाने पाहावी लागत नाहीत. किंबहुना ती पाने कधी कधी दिशाभूल करतात. ज्या क्ष × कोज्या क्ष याचे समाकलन दोन विद्यार्थ्यांना दिले. एकाने ज्या ला उ मानले आणि ज्या वर्ग ÷ २ असे उत्तर काढले. दुसऱ्याने कोज्या ला उ मानले; त्याचे उत्तर आले उणे कोज्या वर्ग ÷ २. पुस्तकात पहिले छापलेले आहे. दुसरा आपली पायरी न् पायरी तपासतो, चूक सापडत नाही, आणि शेवटी बरोबर आलेले उत्तर खोडून टाकतो. वर्गावर्गांतून हे घडत असते. त्याने ताळा केला असता तर तो वाचला असता. दोन्ही उत्तरांची वजाबाकी केली असता तर याहून अधिक काही त्याला दिसले असते: ज्या वर्ग आणि कोज्या वर्ग यांची बेरीज नेहमी १, म्हणून वजाबाकी बरोबर अर्धा, कोणत्याही क्ष ला. दोघेही एकाच कुटुंबातील, अर्ध्या एककाच्या अंतरावरील दोन पायऱ्यांवर उभे. दोघांनी ‘+ स’ लिहिले असते तर वादच नव्हता. एकाचा स दुसऱ्याच्या स पेक्षा अर्ध्याने मोठा, एवढेच.

राहिली दुसरी अडचण, उत्तर हाती न लागण्याची. आतापर्यंतच्या उदाहरणांवरून तुमची अशी समजूत होईल, की पुरेशा युक्त्या शिकल्या म्हणजे कोणत्याही सूत्राचे समाकलन साधेल. तसे नाही. ई चा ‘उणे क्ष वर्ग’ इतका घात घ्या. दिसावयास किती साधे फलन! त्याचा आलेख घंटेच्या आकाराचा असतो आणि मोजमापातील चुकांपासून लोकसंख्येतील उंचीच्या वाटपापर्यंत संख्याशास्त्रात तो पदोपदी भेटतो. त्याचा समाकल घात, मूळ, लॉगरिथम, घातीय आणि त्रिकोणमितीय फलने यांच्या कोणत्याही सांत जुळणीने लिहिता येत नाही. कोणाला अजून जमलेले नाही असा याचा अर्थ नव्हे. ते जमणे अशक्य आहे हे सिद्ध करण्याची वाट लिउव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने १८३० नंतरच्या दशकात दाखविली. ज्या क्ष ÷ क्ष याचीही हीच कथा.

तथापि समाकल अस्तित्वात नाही असे मात्र समजू नये. घंटेच्या आकाराखालचे क्षेत्रफळ डोळ्यांना दिसते, ते तुकड्यातुकड्यांनी हवे तितके अचूक मोजता येते, आणि क्ष बदलला की तेही ठराविक रीतीने बदलते; म्हणजे फलन आहेच. आपल्या शब्दकोशात त्याला नाव नव्हते. १ ÷ क्ष च्या वेळी नाव आधीच तयार होते, लॉगरिथम घरात होता. येथे नवे नाव द्यावे लागले, त्रुटिफलन, आणि त्याच्या किमती एकेक काढून त्यांची कोष्टके छापावी लागली. संख्याशास्त्राच्या पुस्तकांच्या मागे ती कोष्टके असतात. पुढच्या वेळी येताना त्यांतील एक पान सोबत आणा, आणि घाटाच्या उदाहरणात २१६ हा आकडा ‘स’ ठाऊक नसतानाही आपल्याला कसा मिळाला, याचा विचार करून या. निश्चित समाकलाला आपण तेथून आरंभ करू.